एक बारीक रेघ

उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हापासून नखं रंगवणाऱ्या मावशीने फुलं-पानं काढणं सोडलं. “एवढी नक्षी कशाला गं?” ती गिऱ्हाइकांना म्हणायची. “दुधाळ रंग अन् टोकाशी एक ठिपका. साधं तेच शोभतं.” थाप पचली, आणि वर मावशीच्या साधेपणाचा बोलबाला झाला.

आज एका नवरीने तिच्यापुढे हात ठेवला. “ठिपका नको, मावशी. प्रत्येक नखावर एकच उभी रेघ, केसासारखी. तुमच्या तर डाव्या हातचा मळ!”

मावशीने ब्रश बुडवून नखाजवळ आणला. टोक हवेतच थरथरायला लागलं. डाव्या हाताने मनगट दाबून धरलं, तरी तो मेला हात थांबेना.

नवरीने विश्वासाने डोळे मिटले.

“निर्धास्त काढा, मावशी. मी हात जराही हलू देणार नाही.”