द्रौपदीताईचा दंड

मी शिवणकामाची टेप बोलतेय. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात गुंडाळून पडले होते. २००३ साली सुनंदाने मला उचललं. ती ब्लाउज शिवते, आणि दिवसभर मी तिच्या गळ्यात असते.

माणसं माझ्यासमोर पोट आत ओढतात, श्वास धरतात. द्रौपदीताई तसं करत नसे. ती सुनंदाची थोरली बहीण. बारवी धरणाजवळच्या गावात राहायची, लोकांच्या खाचरांत भातलावणी करायची. दर वैशाखात, बुद्ध पौर्णिमेआधी पांढऱ्या ब्लाउजचं माप द्यायला यायची.

पहिल्या वर्षी तिचा दंड अकरा इंच भरला. पुढच्या वर्षी दहा. २००५ला मी दंडाभोवती फिरले आणि साडेआठवर थांबले.

सुनंदाने पुन्हा मोजलं. "टेप ताणलीय वाटतं," ती म्हणाली. ताणलेली टेप माप कमी दाखवते, हे खरं आहे. तिने मला लोखंडी पट्टीवर धरून पाहिलं. मी बरोबर होते. दोष माझ्यात निघाला असता तर मला बरं वाटलं असतं.

"ताई, जेवतेस ना नीट?"

"जेवतेय ना. पन अंगाला लागत नाय. हंडा उचलला का हात कापतात." द्रौपदीताई स्टुलावर बसली. "घरात बोलतात, कामचोर झालीस."

सुनंदाने मशीनवर कापड टाकलं आणि तशीच तिला अंबरनाथ पश्चिमेला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला गळ्यातून काढायचं ती विसरली, म्हणून पुढचं मी ऐकलं.

डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. "शेतात चप्पल घालता?"

"चिखलात चप्पल कशी राहील?"

"आणि संडासला?"

"रानातच जातो सगळी."

रक्त, शौच, दोन्ही तपासलं. दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हाही मी सुनंदाच्या गळ्यातच होते. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवला. "पोटात अंकुशकृमी, म्हणजे जंत आहेत, पुष्कळ वर्षांपासून. मातीतून पायाच्या कातडीत शिरतात, आतड्याला चिकटून रक्त पितात. अंगातली प्रथिनं जातात, भूक मरते. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं. हात त्यामुळे वाळले."

द्रौपदीताईने आपल्या पावलांकडे पाहिलं.

"म्हंजे मी कामचोर नव्हते," ती हळूच म्हणाली.

जंताच्या गोळ्या सगळ्या घराला दिल्या. तिला वर लोहाच्या गोळ्या, अंडी, डाळ. सुनंदाने रबरी बूट घेऊन दिले. द्रौपदीताईच्या नवऱ्याने, बाळाजीने, घरामागे संडासाचा खड्डा खणायला घेतला.

पुढच्या वर्षी दंड सव्वानऊ भरला, त्याच्या पुढच्या वर्षी दहा. तिथेच थांबला. अकरा पुन्हा कधी भरले नाहीत.

आता माझ्या कडा उसवल्यात, आकडे पुसट झालेत. सुनंदाने नवी टेप आणलीय, मी खुंटीवर असते. एक गोष्ट मात्र अजून सलते. दुसऱ्या वर्षी अकराचे दहा भरले, तेव्हा सुनंदाने आणि मी नुसती बाही आत घेतली होती. माप घेणाऱ्या बायांनो, ओळखीचा दंड कमी भरला तर कात्री जरा बाजूला ठेवा आणि तिला विचारा.