'चौफेर'चा वर्ग

नेरच्या वाचनालयात खेळाला बंदी होती, आणि 'चौफेर' खेळ ठरला की संगणकाची खोलीच बंद होणार होती. ग्रंथपाल कुंदाताईंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून वाचनालय समितीच्या सभेच्या दिवशी त्या घरूनच कंबर कसून आल्या.

'चौफेर' म्हणजे संगणकावरचं एक जग. आत शिरलं की जमिनीचा तुकडा मिळतो. त्यावर घर बांधा, वावर पेरा, शेजाऱ्याशी लिहून गप्पा मारा. शेजारी कुठल्याही गावचा असो, खरा माणूस असतो. संध्याकाळी कॉलेजच्या मुली येऊन त्यात रमत. आता वाचनालयात जे जे आहे त्याला पुस्तकांसारखा विषयाचा आकडा, म्हणजे वर्ग, हवाच, आणि अध्यक्ष सदाशिवरावांनी तो बसल्याजागी ठरवून टाकला होता.

"सातशे नव्वद. खेळ. कॅरम बाहेर काढला, हेबी काढा."

सचिव नीळकंठरावांनी मान डोलावली. "कुंदाताई, अध्यक्षांले सांगा, मलेबी तसंच वाटते."

दोघांची वावरं लागून होती. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलं तेव्हापासून त्यांच्यात अबोला होता, आणि सभेत एकमेकांचे निरोप द्यायला कुंदाताई लागत. साठी उलटलेले मोठे शहाणे!

"न वाचता मी पुस्तकाला वर्ग देत नाही," कुंदाताई म्हणाल्या. "आधी आत जाऊन या. मग बोलू."

"कायले? आमाले का उद्योग नाही?" सदाशिवराव म्हणाले.

"मग वर्गही लागणार नाही." त्यांचा आवाज चढला नाही, पण दोन खुर्च्या त्यांनी आधीच संगणकांपुढे ओढून ठेवल्या होत्या.

नाइलाजाने दोघं बसले. नव्या माणसांना जमीन ओळीने मिळते, त्यामुळे तिथेही ते शेजारीच आले. नीळकंठरावांनी तूर पेरली, सदाशिवरावांनी हौसेने ट्रॅक्टर काढला. माउस हाताला नवा, त्यामुळे ट्रॅक्टर काही वळला नाही. मधला बांध फोडून तो सरळ नीळकंठरावांच्या तुरीत घुसला.

"अबे सदाशिव!" नीळकंठराव ताडकन उठले. "इथंबी धुरा कोरून राह्यला का?"

"मुद्दाम नाही केलं! वळूनच नाही राह्यला तो!"

"तवाबी हेच म्हणे तू! मांगं घे पहिले!"

"घेतो ना! ओरडतो काहून?"

कुंदाताईंना हसू आवरेना, पण त्यांनी ते गिळलं. "खेळात इतकं कोणी तापतं का, काका?"

"खेळ कायचा? माही तूर गेली!" नीळकंठराव बोलून गेले आणि स्वतःच चपापले.

"मग खेळ नाही, असं लिहू?"

सदाशिवराव सावरून बसले. "मंग आहे तरी काय हे?"

"माणसं राहतात, शेजार असतो, भांडणं होतात. त्याचा वर्ग तीनशे सात. लोकवस्ती."

"आन् पोरी काय करतात तिथं?"

"तुम्ही पारावर करता तेच. बसतात, बोलतात." आता मात्र कुंदाताईंचा आवाज चढला. इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्हाला पार आहे, टपरी आहे, बाजार आहे. त्या कुठे घटकाभर उभ्या राहिल्या तर दुसऱ्या दिवशी घरी चौकशी होते. खोली बंद केलीत तर त्यांनी जायचं कुठे, ते आधी सांगा."

सदाशिवराव खाकरले. "लिहा तीनशे सात. खोली राहू द्या."

कुंदाताईंनी तिथल्या तिथे लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. उद्यावर त्यांचा भरवसा नव्हता. अध्यक्ष गेले, नीळकंठराव मात्र दाराशी घुटमळले.

"आमची नात, स्पृहा, तेबी येते न इथं?"

"रोज येते."

"घरी तर तोंड उघडत नाही पोरगी. इथं बोलते?"

"खूप बोलते."

म्हातारा परत येऊन खुर्चीत बसला. माउस हातात घेऊन हळूच म्हणाला, "तिचं घर कोनतं यातलं? दाखवा बरं मले."

कुंदाताईंनी संगणक बंद केला.

"असं न विचारता कोणाच्या घरी जातात का, काका? उद्या तिला विचारते. बोलावलं तर या."