पती हयात आहे काय

माझे वडील मुकुंदराव, आमचे अण्णा, सरकारी कचेरीत पेशकार होते आणि जन्मभर नाकासमोर चालले. सत्तावीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, मुलकी दाखल्यांचे अर्ज तपासायचं. निजामाच्या वेळेपासून हैदराबादेत नियम होता की सरकारी नोकरी मुलकीलाच, म्हणजे या मुलखातल्या माणसालाच. बाहेरचा तो गैरमुलकी. मी चिक्कडपल्लीत जन्मले, तिथेच शिकले. मॅट्रिक झाले तसा अण्णांनी माझाही दाखला काढून ठेवला.

चव्वेचाळीस साली सोलापूरच्या दिगंबरपंतांशी माझं लग्न झालं. सोलापूर पडलं मुंबई इलाख्यात. मुलकी बाईने गैरमुलकीशी लग्न केलं की तीही गैरमुलकी, असा नियम. मांडव उतरायच्या आधी अण्णा कचेरीत गेले आणि माझ्या नावापुढे स्वतःच्या हाताने लिहून आले, 'विवाहामुळे रद्द'. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. घरी येऊन त्यांनी हे अभिमानाने सांगितलं आणि शालू नेसलेली मी हसले. सोलापुरात तो दाखला घेऊन काय करायचंय, असं मला वाटलं.

दिगंबरपंतांबद्दल थोडक्यात सांगते, जास्त सांगण्याची त्यांची लायकी नाही. पंचा वाळत घातला नाही म्हणून ते मारायचे, आणि घातला तर सुरकुत्या पडल्या म्हणून. पाच वर्षं काढली आणि एकोणपन्नास साली एक ट्रंक घेऊन माहेरी आले. तोवर पोलीस अॅक्शन होऊन निजामाचं राज्य संपलं होतं. पुढच्या सव्वीस जानेवारीला मी सकाळी उठले ती भारताची नागरिक होऊनच. त्यासाठी पांघरुणातून हातसुद्धा बाहेर काढावा लागला नाही. मुलकीचा नियम मात्र नव्या देशातही जुन्या सुनेसारखा घर धरून राहिला.

मी मास्तरणीचं शिक्षण पुरं केलं. बावन्न सालच्या ऑगस्टात घराजवळच्या सरकारी मुलींच्या शाळेत जागा निघाली, मुख्याध्यापिकाबाईंनी मला पसंत केलं आणि महिनाअखेरपर्यंत मुलकी दाखला आणायला सांगितला. ही नोकरी माझ्यासाठी चैन नव्हती. अण्णा डिसेंबरात रिटायर होणार होते, घर भाड्याचं होतं, आणि ज्याच्याकडे ते आणि आई राहायला जाणार त्या माझ्या भावाने, गोविंदाने, स्पष्ट लिहिलं होतं: तुम्ही दोघं या, वासंतीने आपल्या घरी जावं. आपलं घर म्हणजे सोलापूर. दिगंबरपंतांचीही पत्रं येत होती की दिवाळीत न्यायला येतो.

मी अर्ज अण्णांपुढे ठेवला.

"अण्णा, मी इथे जन्मले."

"हौ."

"तुम्ही, आजोबा, पणजोबा, सगळे इथलेच."

"बराबर. पण तुझा नवरा इथला नाही." त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "सलग पंधरा वर्षं इथे राहिलीस तर मिळतो."

"म्हणजे चौसष्ट साली."

"काडीमोड झाली तरी मिळतो. इथे आपल्यात तसा कायदा नाही. मुंबईकडे झालाय म्हणतात, पण तिथे दावा लावायचा तर तिथे जाऊन राहावं लागेल. तिथे राहिलीस की इथली राहणूक तुटली." त्यांनी चष्मा परत चढवला. "नाहीतर मग नवरा..."

"नवरा वारला तर," मी वाक्य पुरं केलं.

अर्जात तो प्रश्न होताच, 'पती हयात आहे काय?' मी 'होय' लिहिलं होतं. शाई वाया गेल्याचं इतकं दुःख मला आयुष्यात कधी झालं नाही.

आमचं बोलणं चाललं होतं तेव्हा आई, म्हणजे सुशीलाबाई, मेथी निवडत होती. तिला सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं. हिला यातलं काही कळत नाही असं मी धरून चालले.

त्या दिवसांत विद्यानगरकडून पोरांचे मोर्चे निघत. खोटे दाखले घेऊन बाहेरचे लोक इथल्या नोकऱ्या बळकावतात, हा त्यांचा राग, आणि तो खोटाही नव्हता. "गैरमुलकी वापस जाव," असं ओरडत ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की मी खिडकी लावून घ्यायची. वापस कुठे जाऊ, हे मला त्यांना विचारायचं होतं. सोलापूर जगू देईना आणि हैदराबाद ठेवून घेईना. वर आता दाखल्यांची फेरतपासणी सुरू झाली होती. माणसं मोहल्ल्यात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून जात.

एकोणतीस तारखेला, शुक्रवारी, अण्णा दुपारी दोन वाजता घरी आले. असं कधी होत नसे. कोटाच्या खिशातून एक कागद काढून कोनाड्यात ठेवला, थेट परसात गेले आणि कोट-धोतरासकट डोक्यावर पाण्याचे तांबे ओतून घेऊ लागले. लांबच्या गावी कुणी गेल्याचं कळलं की आमच्यात अशी नेसत्या वस्त्रांनी आंघोळ करतात.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कोण गेलं?"

अण्णा निथळत उभे होते. "जावई," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी कोनाड्यातला कागद उचलला. माझा मुलकी दाखला होता. कारणाच्या रकान्यात अण्णांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'पती मयत'. सत्तावीस वर्षांत या माणसाने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. मला त्यांची इतकी दया आली की दाखला मिळाल्याचा आनंद व्हायचा राहूनच गेला.

आईला बाजूला घेऊन खरं सांगावं म्हणून मी वळले, पण त्याआधीच तिने हंबरडा फोडला. ती धावत ओसरीवर गेली आणि ऊर बडवू लागली. शेजारच्या कुसुमताई आल्या, मागोमाग सगळी गल्ली आली.

"कसं कळलं, मुकुंदराव?" कुसुमताईंनी विचारलं.

अण्णांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. कागदावर लिहिणं एक, तोंडाने बोलणं दुसरं. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"कचेरीत तार आली हो," आई हुंदक्यांतून म्हणाली. "टायफाईड झाला होता. चौथ्या दिवशी गेले. दहावं-तेरावं उरकून मग कळवायलेत मेले. लेकीला तोंडसुद्धा बघू दिलं नाही."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. यातलं काहीच ते बोलले नव्हते.

कुसुमताईंनी मला खाली बसवलं, पदराने कुंकू पुसलं आणि माझा हात पाट्यावर धरून वरवंट्याने बांगड्या फोडल्या. काच मनगटात रुतली. 'तो जिवंत आहे' हे तीन शब्द बोलले असते तर त्यांचा हात थांबला असता, अण्णा तुरुंगात गेले असते आणि मी सोलापूरला. मी दुसरा हात पुढे केला. मी रडत होते, आणि ते रडणं खरं होतं.

दिवेलागणीला बायका पिठलं-भात ठेवून गेल्या. आईने दाराला कडी घातली, तोंड धुतलं आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"नीट रडले ना मी?" तिने हळूच विचारलं.

"तुला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं संसार केलाय त्यांच्याबरोबर. जावई खरंच गेला असता तर आधी तुझ्याजवळ बसले असते. ती आंघोळ जावयाची नव्हती गं. खोटं लिहून आले, म्हणून केली." ती माझ्या मनगटाला हळद लावत होती. "चौकशीवाले येऊन तुझा कागद थोडाच वाचतील? ते कुसुमला विचारतील. म्हणून कुसुमला दाखवलं."

"मग आता मी कुंकू..."

"नाही. घरातसुद्धा नाही. पोरीबाळी कधीही डोकावतात."

"आणि दिवाळीत ते दारात उभे राहिले तर?"

तिने हळदीची वाटी खाली ठेवली. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दाखला माझ्या हातात होता, सोमवारी मी शाळेत रुजू होणार होते, आणि एक माणूस सोलापुरात धडधाकट जेवत बसला होता.

आई उठून देवघराशी गेली. सुतक पाळायचं म्हणून आत पाऊल टाकता येईना, तेव्हा उंबऱ्यावरूनच तिने हात जोडले. मी सोलापुरात मार खात होते तेव्हाही रोज संध्याकाळी ती जावयाला आयुष्य मागत आली होती. त्या दिवशी ती नुसतीच उभी राहिली.

"आता काय मागू गं?" तिने विचारलं.

काय मागायचं ते आम्हां तिघांनाही ठाऊक होतं.