पाळण्यापर्यंत पोहोचलेली सर्दी

मी सर्दीचा विषाणू बोलतोय. डोळ्यांना दिसत नाही तेच बरं, नाहीतर आज कुणाला तोंड दाखवायची सोय नव्हती.

माझा जन्म कुठल्या नाकात झाला, ठाऊक नाही. आठवतं ते युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल. नेत्रा आणि अनिका एका खोलीत राहायच्या, एकाच बाटलीतून पाणी प्यायच्या. मी दोघींकडे मुक्काम केला. नेत्राचं नाक गळायला लागलं, डोळे लाल. अनिकाला मात्र साधी शिंकसुद्धा नाही! असा गुपचूप मी कितीतरी पोरापोरींकडे राहतो.

कॉलेजात सर्दीचा अभ्यास चालला होता. मुलांनी दर आठवड्याला नाकात काडी फिरवून तपासणीला द्यायची. शनिवारी अनिकाच्या फोनवर रिझल्ट आला : पॉझिटिव्ह. तेव्हा ती शॉमबर्ग या उपनगरात भावाच्या दारात गाडी पार्क करत होती. आत भाच्याचं बारसं. बाळ वेळेच्या पाच आठवडे आधी झालेलं, नुकतंच हॉस्पिटलमधून घरी आलेलं. तिनं फोन पर्समध्ये टाकला.

दारात शेजारच्या रेणूकाकू सॅनिटायझर घेऊन उभ्या.

"शिंका? खोकला? घसा?"

"नाही काकू, आय ॲम टोटली फाइन."

"मग ये बाई लवकर. आत्या नाही तर नाव कोण ठेवणार, मी?"

अनिका हसली. टेस्टचं काही काकूंनी विचारलं नव्हतं.

तिनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात "ऋषी" म्हटलं. कुर्रर्र होताच बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. हसता हसता तिचा चेहरा बाळाच्या गालाला टेकला. मला तेवढं पुरलं.

तिसऱ्या दिवशी बाळाचं नाक चोंदलं. एवढासा जीव, दूध ओढेल की श्वास घेईल? पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा ऑक्सिजनची नळी.

"कोण शिंकत होतं हो?" बाळाची आई दीपा विचारत राहिली.

"कुणी नाही गं. एकेकाला विचारून आत सोडलंय मी," रेणूकाकू रडवेल्या झाल्या.

काकूंवर आळ येतोय म्हटल्यावर अनिकाला राहवेना. तिनं फोन केला. "वहिनी, माझी टेस्ट पॉझिटिव्ह होती. मला माहीत होतं."

दीपानं फोन ठेवून दिला.

आता बाळ घरी आलंय, पोटभर दूध पितंय. अनिका रविवारी सूप करून आणते, दाराशी ठेवते, काचेतून बघते. भाऊ म्हणतो, "आत ये गं, यार." ती मान हलवते. दीपा अजून बोलत नाही.

माझेही दिवस भरले. बाबांनो, नाक कोरडं आहे म्हणजे मी नाही, असं धरून चालू नका. अनिकानं निदान कबूल तरी केलं. मी मात्र त्या इवल्या नाकातून निघालो तो चोरासारखा, सॉरीसुद्धा न म्हणता.