बोल्टची डोकी कोणी खाल्ली

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला आठ बोल्ट होते आणि त्यांतल्या तिघांची डोकी कोणीतरी खाल्ली होती. सहा कोपऱ्यांच्या जागी नुसते गोल गोळे. गंज आठही बोल्टवर होता, पण या तिघांवर गंजाखालचं लोखंड ताजं चमकत होतं.

"ही तुझी कर्तबगारी," सासरे खुर्चीतूनच म्हणाले. "परवा तूच हात लावला होतास."

सासऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत. चाळीस वर्षं खपून आपण हे वर्कशॉप उभं केलं, हे ते रोज एकदा सांगत; ऐकायला कोणी नसलं तर भिंतीला सांगत. त्यांचा मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. गेली सहा वर्षं वर्कशॉप सून चालवत होती. हे मात्र कोणी भिंतीलासुद्धा सांगत नसे.

"परवा मी फक्त बोल्टवर तेल सोडलं होतं," सून म्हणाली. "काल दिवसभर मी दाताच्या डॉक्टरकडे होते, बाबा. इथे तुम्ही होतात."

"म्हणजे मी बिघडवले? मी?" उस्ताद ताडकन उठले. "तुझ्या नवऱ्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून बोल्ट काढतोय मी!"

दारात खडीवाला उभा होता. तीन ट्रॅक्टरांचा मालक. फाटक्या टायरचा हा म्हातारा ट्रॅक्टर त्याचाच. एरवी त्याला कायम घाई असे, पण फुकटात भांडण बघायला मिळालं की घाई कुठच्या कुठे जाई.

"बरं झालं आलात, साक्षीला राहा," उस्ताद त्याला म्हणाले. "ज्यानं हे बोल्ट बिघडवले, त्यानं उद्यापासून या वर्कशॉपमध्ये पान्याला हात लावायचा नाही. माझा पुतण्या येतोय सगळं बघायला. शब्द म्हणजे शब्द!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुतण्या येतोय म्हणजे सगळं आधीच ठरलेलं होतं, बोल्ट नुसतं निमित्त. त्या पुतण्याला पाना आणि पक्कड यातला फरक विचारला तर तो आधी मोबाइल उघडेल. आणि तिनं काय करायचं? मागच्या घरातून याच लोकांना चहा पाठवायचा? तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण येत होतं त्यातलं हे एकच काम तिला मनापासून आवडत होतं.

"आधी चाक काढते," ती म्हणाली. "मग बघू कोण काय धरतंय ते."

पाच धड बोल्टना तिनं आपला इंची पाना लावला, त्यात पुरुषभर लांबीचा पाइप घातला आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. पहिला बोल्ट हललाच नाही. तिनं त्याच्या डोक्यावर हातोड्याचे चार सणसणीत घाव घातले, पुन्हा तेल सोडलं, पुन्हा भार टाकला. करकचून आवाज झाला आणि तो सुटला. पाचवा सुटेपर्यंत तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली होती.

"पाइप लावून कोणीही काढेल," उस्ताद म्हणाले. "तिघांचं बोला."

तिघांसाठी डोक्यावर वाटीसारखं बसणारं सॉकेट, तेही जरा लहान मापाचं, ठोकून बसवावं लागणार होतं, आणि सॉकेटं उस्तादांच्या हत्यारांच्या पेटीत. पेटीची चावी त्यांच्या बंडीच्या खिशात.

"चावी द्या."

"माझ्या पेटीला हात लावायचा नाही!"

"उस्ताद, द्या हो," खडीवाला म्हणाला. "मला ट्रॅक्टर हवाय, तुमची पेटी नको."

त्यांनी चावी दिली नाही, फेकली. तिनं ती जमिनीवरून उचलली आणि पेटी उघडली. वरच्या ओळीत इंची सॉकेटं, खालच्या ओळीत मिलिमीटरची, प्रत्येकाला आपली खाच. वरच्या ओळीत एक खाच होती सात-अष्टमांश इंचाची. या ट्रॅक्टरच्या बोल्टचं माप तेच. त्या खाचेत बसलं होतं मिलिमीटरचं तेवीस नंबर. त्याच्या तोंडात लोखंडाचा ताजा कीस अडकला होता.

तेवीस नंबर त्या बोल्टवर चढतं, बसल्यासारखं वाटतं, आणि जोर लावला की कोपरे खातं. नवशिकाही एकदाच ही चूक करतो. उस्तादांनी ती काल तीनदा केली होती.

तिनं ते सॉकेट खिशात टाकलं आणि लहान मापाचं उचललं. दोन बोल्टवर ते सॉकेट घणानं ठोकून बसवलं आणि पाइप लावून ते दोन्ही बाहेर काढले. मध्ये दोनदा थांबून तिनं सासऱ्यांकडे बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

तिसऱ्यावर सॉकेट ठरेना. तिनं टायरवर ओली पोती टाकली, बोल्टच्या उरल्यासुरल्या डोक्यावर एक नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग करून चिकटवला. वेल्डिंगच्या धगीनं आतला गंज सैल झाला होता. थोडं निवू देऊन तिनं नटाला पाना लावला, आणि बोल्ट सुतासारखा सरळ आला. खडीवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या?" उस्ताद कडाडले. "स्वतः बिघडवायचं आणि स्वतःच काढून मिरवायचं? शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून हिनं पाना धरायचा नाही!"

तिनं खिशातून सॉकेट काढलं. धड बोल्टांपैकी एकावर ते टोपीसारखं घातलं आणि खडीवाल्यासमोर हलवलं. ते खडखड वाजलं.

"बाबा, तुमच्या पेटीतलं आहे. नंबर वाचा."

उस्तादांनी ते हातात घेतलं. लांब धरलं, जवळ आणलं, उजेडाकडे फिरवलं.

"वाचायचं काय त्यात? सात-अष्टमांश!"

खडीवाल्यानं वाकून बघितलं. चेष्टेखोर माणूस, पण तो हसला नाही. "तेवीस आहे, उस्ताद," तो म्हणाला. "इतका मोठा आकडा आहे." आणि कोणी न सांगता तो बाहेर जाऊन उभा राहिला.

तिला वाटलं होतं, या क्षणी फार बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. राग होता तसाच होता, फक्त आता तो कोणावर काढायचा ते कळेना.

उस्ताद खुर्चीत बसले. बराच वेळ ते सॉकेटवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"तुला कधी कळलं?"

"पेटी उघडली तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "शेवटच्या बोल्टपर्यंत थांबले होते, बाबा."