खालच्या गाडीची किल्ली

रविवारी सकाळी अकरापर्यंत रोंडाच्या नाकात दम आला होता. बिग पायनीसारखी शांत नदी, बसायला स्वतःची कयाक, हातात गळ, आणि मागच्या कयाकमधून वडिलांची अखंड बडबड.

"त्या खडकाच्या पुढे नको टाकूस. मागे टाक, मागे. तिथे सावलीत बसलेला असतो तो."

"टाकतेय, डॅड."

"टाकतेयस गं, पण पुढे टाकतेयस."

तिनं निमूटपणे मागे टाकला. काही झालं नाही. मग तिच्या वडिलांनी, हॉलिस केटरमननं, वल्ह्याच्या एका फटक्यात आपली कयाक तिरकी केली, रबरी झिंग्याचं आमिष त्याच खडकामागे सोडलं, आणि लगेच दोरी ताणली गेली. तपकिरी स्मॉलमाउथ मासा दोनदा पाण्याबाहेर उसळला. म्हाताऱ्यानं त्याला खालच्या ओठाला धरून वर घेतलं, त्याच्या लाल डोळ्यांत बघून "जा, घरी सांग कोण भेटलं होतं ते" असं बजावलं आणि सोडून दिलं. वय वर्षं सत्त्याहत्तर. दोन दिवसांतला हा एकोणिसावा मासा. रोंडाचे झाले होते चार.

हेच तर डोकं फिरवणारं होतं. नदीतला दगडन् दगड ज्याला तोंडपाठ, तोच माणूस मार्चमध्ये खिळे आणायला म्हणून घरातून निघाला आणि दीडशे मैलांवरच्या एका पेट्रोल पंपावर सापडला. एक बोट बघायला आलो होतो, म्हणाला. कुठली, कुणाची, ते काही सांगेना. तेव्हाच रोंडाचं आणि तिच्या भावाचं, कर्बीचं, ठरलं की डॅडनं यापुढे नदीवर एकट्यानं जायचं नाही आणि पिकअपही चालवायची नाही. ठरवलं दोघांनी, सांगायचं मात्र रोंडानं. कर्बीला कामं होती. कर्बीला नेहमीच कामं असतात. या फेरीत, नदीतून बाहेर पडायच्या आत, हे सांगून टाकायलाच हवं होतं, नाहीतर पुढच्या शनिवारी म्हातारा एकटाच निघणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काल दुपारी ती सांगणार होती, तर त्यानं त्र्याऐंशी साली पकडलेल्या माशाची गोष्ट काढली. संध्याकाळी गोट्यांच्या काठावर तंबू ठोकून सॉसेज भाजताना सांगणार होती, तर पुन्हा तोच मासा, फक्त दोन इंचांनी वाढलेला. आज सकाळच्या कॉफीपर्यंत तो मासा कयाकमध्ये मावेनासा झाला होता. दर वेळी तिच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिला गिळावं लागत होतं, आणि राग येत होता तो स्वतःचाच.

"गप्प गप्प आहेस आज," हॉलिस म्हणाला. "भावाशी भांडलीस का?"

"नाही."

"मग भांड. त्याच्याशी कुणीतरी भांडायलाच हवंय."

एकच्या सुमारास पूल दिसला. पुलाखाली, काठावरच्या झाडांच्या सावलीत, हॉलिसची पिकअप उभी होती. दोघांनी कयाक ओढून वर घेतल्या, तंबू, बर्फाची पेटी, गळ, सगळं सामान काठावर रचलं. गाडीत बसल्यावर सांगायचं, अगदी पहिल्या वळणाच्या आत, असं ठरवून रोंडानं किल्लीसाठी पिशवीत हात घातला. तिच्या गाडीची किल्ली हाताला लागली. पिकअपची लागली नाही. तिनं पिशवी गोट्यांवर उपडी केली, आणि मग तिला आठवलं.

नदीवर जाणाऱ्यांना दोन गाड्या लागतात. एक आधीच खाली नेऊन ठेवायची, जिथे बाहेर पडायचं तिथे. दुसरी वर, जिथून निघायचं तिथे. शनिवारी पिकअप इथे लावल्यावर हॉलिस किल्ली नेहमीसारखी टोपीच्या आत पिनेला अडकवत होता, तेव्हा रोंडानं ती जवळजवळ हिसकावून घेतली होती. "दे इकडे. हरवशील." आणि वर जाताना ती किल्ली तिनं आपल्या गाडीत, कप ठेवायच्या खळग्यात टाकली होती. अजून तिथेच होती. एकोणीस मैल वर, कुलूपबंद.

"हसू नकोस," ती म्हणाली.

"मी कुठे हसतोय? मी फक्त टोपी चाचपतोय."

"डॅड."

"चाळीस वर्षं टोपीत ठेवतोय. एकदाही मागे राहिली नाही. तेवढंच म्हणतोय."

फोनला रेंज नव्हती. या खोऱ्यात ती कधीच नसते. रोंडा तरीही फोन हवेत धरून काठावर इकडून तिकडे फिरली आणि एका दगडाला लाथ मारून तिनं अंगठा दुखावून घेतला. अर्ध्या तासानं पुलावरून एक मळकट निळी गाडी खाली उतरली. आत एक दाढीवाला, मागे दोन लहान मुली आणि भलामोठा कुत्रा. दाढीवाल्यानं सगळं ऐकलं आणि हसू दाबलं. तो वरच चालला होता.

"पण एकालाच घेता येईल," तो म्हणाला. "कुत्रा काही मांडीवर बसणार नाही."

म्हणजे एकानं वर जायचं आणि तिची गाडी चालवत खाली आणायची. दुसऱ्यानं इथे सामानापाशी थांबायचं. डॅड गेला, तर एकोणीस मैल एकटा गाडी चालवणार. डॅड थांबला, तर हाताशी कयाक, समोर नदी, आणि ती चढ चढायच्या आत हा पाण्यात. ज्या दोन गोष्टी बंद करायला ती आली होती, त्यातली एक तिनंच आता करायला सांगायची होती. दोन दिवस घोकलेलं सगळं आता एका परक्या माणसासमोर, त्याची गाडी सुरू असताना बोलायचं.

"डॅड, मी काय म्हणतेय..."

"तू जा," हॉलिस म्हणाला.

तो वाद घालेल म्हणून ती कंबर कसून उभी होती. तो जवळ आला आणि दाढीवाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलला.

"वर चर्चपाशी रस्ता फुटतो ना. तिथे कुठे वळायचं ते मला आठवत नाहीये. मघापासून आठवून बघतोय. तू जा."

सुटले, असं वाटायला हवं होतं. तिला नुसता संताप आला.

"आठवत नाही म्हणजे काय? डावीकडे. त्याच रस्त्यावर तू मला गाडी शिकवलीस. डावीकडे, डॅड!"

"डावीकडे," तो म्हणाला. नवीनच काही कळल्यासारखा. "बरं."

"आणि पाण्यात जायचं नाही. मी येईपर्यंत इथेच बसायचं. कळलं?"

ती थांबली. आता तरी हा काहीतरी खोचक बोलेल.

"बरं," तो म्हणाला आणि बर्फाच्या पेटीवर जाऊन बसला.

निळी गाडी चढाला लागली. रोंडानं काचेतून मागे पाहिलं. पुलाखालच्या डोहात, काठापासून जेमतेम दहा हातांवर, एक मोठा मासा वर आला आणि पाण्यावर वर्तुळं उमटली. म्हाताऱ्यानंही ती पाहिली. गळ त्याच्या पायाशीच पडला होता. त्यानं हात गुडघ्यांवरून हलवले नाहीत. तो पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

"उचल ना तो गळ," ती काचेआडून पुटपुटली. "कधीपासून ऐकायला लागलास माझं?"