न विचारता बांधलेलं सामान

मी एक जुना फ्रिज आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता सायीसारखा पिवळट पडलो आहे. मित्रांनो, कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एक माणूस माझं दार पुन्हा पुन्हा उघडून लावून बघत होता, एवढंच. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात.

त्या घरातली आई रुग्णालयात परिचारिका होती. नवरा लवकर गेला. पदरात थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. कामाच्या वेळा सतत बदलायच्या, म्हणून ती सवड मिळेल तेव्हा रांधून डबे माझ्या पोटात ठेवायची. मुलं शाळेतून आली की आधी माझं दार उघडायची, मग दप्तर खाली ठेवायची. "अजून चालतो हा?" असं कुणी विचारलं, की आई म्हणायची, "त्याला काय धाड भरलीय?" तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मुलं मोठी झाली. धाकटा दुसऱ्या शहरात गेला. थोरली त्याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला. रविवारी येते, असं ती फोनवर सांगायची. आई सकाळीच तिच्यासाठी भाजी करायची. दुपारी पुन्हा फोन यायचा, काहीतरी काम निघालेलं असायचं. "असू दे गं," असं म्हणून आई तो डबा माझ्या बर्फाच्या कप्प्यात सारायची.

मग एक दिवस आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. थोरली तिला आपल्या घरी घेऊन गेली. तीन मजले चढणं आता तिला जमणार नव्हतं. बहीणभावांनी आपसांत ठरवलं, की घर सोडायचं आणि सामान शहराबाहेर, सामान ठेवायला भाड्याने मिळणाऱ्या एका खोलीत टाकायचं. आईला मात्र सांगितलं, पाय बरा झाला की घरी जायचंच आहे.

दोघं सामान बांधायला आली. बशा कागदात गुंडाळल्या, टेबलाचे पाय काढले, गाद्या प्लॅस्टिकमध्ये घातल्या. धाकट्याला संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्याने माझा प्लग ओढला. माझी घरघर थांबली, तेव्हा ते स्वयंपाकघर किती शांत होतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

बर्फाच्या कप्प्यातून एकावर एक रचलेले डबे निघाले. आईला काही टाकवत नाही, असं पुटपुटत धाकट्याने कचऱ्याची पिशवी उघडली. थोरलीने सहज एका डब्यातलं थोडं खरवडून जिभेवर ठेवलं. मग दुसऱ्यातलं. मग तिसऱ्यातलं. आणि ती तिथेच फरशीवर बसली.

"हे सगळं माझं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तिखट नाही यात."

आईला स्वतःला जेवण झणझणीतच लागायचं. लहानपणापासून तिखट सोसत नव्हतं ते फक्त थोरलीला. धाकट्याने पिशवी खाली ठेवली आणि माझा प्लग पुन्हा लावला.

थोरलीने आईला फोन केला. तिने सगळं सांगितलं. घर सोडतोय, सामान बांधतोय, मी तुझ्याशी खोटं बोलले.

"म्हणजे मी परत जायचं नाही, हे तुम्ही ठरवलंत," आई म्हणाली. "बरं. मग काय ठेवायचं आणि काय द्यायचं, ते मी ठरवते. मला घेऊन जा तिकडे."

धाकट्याने गाडीचं तिकीट रद्द केलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी आईला खुर्चीत बसवून जिने चढवले. तिने बांधलेली खोकी उघडायला लावली. पलंग खालच्या शेजाऱ्यांना दिला, निम्मी भांडी वाटून टाकली. मला ठेवायचं ठरलं. आतून पुसून कोरडा करा आणि दाराच्या फटीत फडकं घाला, नाहीतर कुबट वास धरतो, असं तिने बजावलं. आवाज एकदाही चढवला नाही. त्यानेच थोरली जास्त खचली.

"आई, रागाव तरी माझ्यावर."

"रागावून काय करू? आधी विचारायचं होतंस गं."

दुपारी आईने एक डबा गरम करायला लावला. थोरली मान खाली घालून जेवत होती. आई तिच्याकडे बघत राहिली आणि नेहमीसारखी म्हणाली, "तिखट नाही ना लागत?"

थोरलीने डबा पुढे ओढला आणि आणखी वाढून घेतलं.

आता मी शहराबाहेरच्या त्या भाड्याच्या खोलीत, घोंगडीत गुंडाळलेला, अंधारात उभा आहे. थोरली अधूनमधून शटर वर करून येते. माझ्या आत हात घालून ओल तर नाही ना, ते चाचपते. मग उगाच उभी राहते आणि निघून जाते. रविवारी ती आता कुठली कामं काढत नाही म्हणे. पण जे रविवार गेले ते गेले.

मित्रांनो, कधीतरी सामान बांधायची वेळ तुमच्यावरही येईल. काच कागदात गुंडाळा, लाकूड झाकून ठेवा, माझ्यासारख्याला कोरडं करा. पण पहिलं खोकं भरण्याआधी, ज्याचा तो संसार आहे त्याच्याजवळ जाऊन बसा. तो नाही म्हणेल, रडेल, कदाचित भांडेलही. तरी त्याला विचारा.